खंड्याचा बोलका पट्टा

"कुणाचा विश्वास बसणार नाही डॉक्टरीणबाई, पण आमच्या घरात पिसू औषधालाही सापडायची नाही!" धुरीअण्णांनी दवाखान्याच्या टेबलावर मूठ आपटली. त्याच टेबलावर त्यांचा खंड्या शेपटीच्या बुडाशी कचाकचा चावत होता. तिथले केस झडून कातडी लालभडक झाली होती.

अण्णांचा राग होता तो खंड्याच्या गळ्यातल्या पट्ट्यावर. कुत्र्याचं गुरगुरणं मराठीत बोलून दाखवणारे हे पट्टे आल्यापासून सभ्य माणसाला अब्रू म्हणून उरली नव्हती.

"परवा भर आळीत हा पट्टा ओरडला, 'पिसाळलो!' शेजाऱ्यांनी धडाधड दारं लावली. काढून फेका तो!"

"त्याला 'पिसवा' म्हणायचं असेल, अण्णा. याला पिसवांची अ‍ॅलर्जी आहे. एक चावली तरी अंग पेटतं. मानेवर औषधाचे थेंब टाकता ना? अंथरूण उकळत्या पाण्यात धुता?"

"न चुकता! घरंदाज माणसाचा शब्द पुरत नाही का तुम्हाला?"

खंड्याने चावणं थांबवून मान वर केली. पट्टा खरखरला.

"खोटं, अण्णा! खाटेवर पडलं की आपण दोघंही खाजवतो."