हरळी

बागकामाच्या धंद्यातलं नूतनचं हे पहिलंच काम. देवपूरच्या नव्या बंगल्यापुढचं लॉन तिने हरळीची काडी-काडी टोचून लावलं होतं. आज मालकीणबाई बघायला येणार होत्या. ती नर्सरीतून कुंड्या घेऊन परतली, तर अख्खं लॉन गायब! कडेला उपटलेल्या गवताचा ढीग, आणि गावाहून मदतीला आलेली आई खुरपं पुसत हसत होती. “बठ्ठी हरळी काढी टाकी, बेटा. तुना पहिला कामले कोनी नावं ठेवाले नको.” चाळीस वर्षं कापसातून हीच हरळी तण म्हणून निंदली होती तिने. नूतन काही बोलणार, तोच मालकीणबाई फाटकात आल्या. “अगं, लॉन कुठे गेलं?” आईचं हसू विझलं. “दाट यावं म्हणून पुन्हा लावतोय,” नूतन आईकडे हात करत म्हणाली. “या आमच्या जाणकार.” बाई आत गेल्या. आईने खुरपं पिशवीत ठेवलं आणि आयुष्यात पहिल्यांदाच हरळीची काडी मातीत टोचली.