गॉलवेतली शिट्टी

"अहो, एक शिट्टी घ्यायला किती वेळ? सगळी बस आपल्यासाठी खोळंबलीय!" नलिनी वैतागली.

गॉलवेतल्या दुकानात तिचा नवरा एकेक आयरिश शिट्टी, म्हणजे पत्र्याची छोटी बासरीच, उचलून नुसती बोटं ठेवून पाहत होता.

"घरी बासरी धूळ खात पडलीय. दोन वर्षांत हात लावला नाहीत, इथे हे खूळ!"

"अर्धांगाच्या झटक्यापासून बासरीवर बोटं पोचत नाहीत गं," तो हळूच म्हणाला. "हिची भोकं जवळ आहेत."

बासरीवरून त्याचं मनच उडालं, असं नलिनी समजत होती.

त्याने फुंकर घातली. अडखळत का होईना, भूप उमटला.

तेवढ्यात गाइड "चला, चला" करत आत आला.

"ओरडू नका हो," नलिनी त्याच्यावरच खेकसली. "ऐकू येत नाहीये मला."