नकाशातलं हिरवं गाव

गरिबीचा नकाशा पंधरा वर्षांत तिसऱ्यांदा रंगवून झाला आणि लाल रंग पुन्हा त्याच तालुक्यांवर येऊन बसला. दिल्लीतल्या आमच्या ऑफिसात कोणाला त्याचं आश्चर्यही वाटलं नाही. फक्त मराठवाड्यातल्या एका लालभडक तालुक्याच्या मधोमध एक गाव हिरवं दिसत होतं.

"केतकी, ही एंट्रीची चूक आहे यार," जयदीप सर म्हणाले. "मागच्या वेळीही आली होती, आपण खोडली. चलो, याही वेळी खोडून टाक."

खोडण्याआधी मी त्या गावच्या सरपंच कौशल्याबाईंना फोन लावला. "तुमच्या गावाची माहिती चुकली आहे का? आजूबाजूला सगळीकडे हलाखी आणि तुमच्याकडे मात्र..."

"चुकली न्हाई, मॅडम. आम्ही ओढ्यावर बांध घातले, विहिरींना पाणी टिकलं. आठ वर्षं झाली, गावातलं कुणी ऊसतोडीला गेलं न्हाई. पोरं वर्षभर शाळेत असतात."

"पण आमचे साहेब म्हणतात, चूकच आहे, खोडून टाका."

बाई खळखळून हसल्या. "खोडा की! पण शेजारच्या चार गावांनी आमचं बघून बांध घातलेत. औंदा तिथूनबी कुणी ऊसतोडीला गेलं न्हाई. साहेबांना आत्ताच सांगून ठेवा, पुढच्या वेळी पाच गावं खोडावी लागतील."