भाग दोन

"दुसऱ्या भागाला पहिल्याची सर कधीच नसते," सिनेमा संपून थिएटरातून बाहेर पडताना ताईने निकाल दिला. "तेच चावट विनोद, तीच सुटलेली चड्डी!"

धाकटीच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. शाळेत शिपाईमामांपासून बाईंपर्यंत सगळे तिला 'ताईचा भाग दोन' म्हणत आणि वर सुस्कारा सोडत.

"पहिल्या भागात पोरी नुसत्या लाजत होत्या गं. यात सगळ्यात चावट विनोद पोरीनेच केला. तेव्हा खुर्चीवरून घसरेपर्यंत कोण खिदळत होतं?"

ताईने लाजून ओढणीत तोंड लपवलं.

दुसऱ्या दिवशी शाळेत धाकटीचं फळ्यावरचं गणित चुकलं आणि बाईंचा सुस्कारा आलाच, "तुझ्या ताईची सर नाही बाई तुला!"

"नाहीच मुळी," धाकटी सगळ्या वर्गाकडे वळून हसली. "ताई लाजायची."