गुलाबी झाकण

"बाटलीला झाकण होतं," धक्क्यावरची रक्षक बाई म्हणाली. "येताना मी स्वतः बघितलंय. गुलाबी."

धाकटीने पिशवी पुन्हा उपसली. टॉवेल, टोपी, चिंगीचा ओला फ्रॉक. झाकण नव्हतं. बेटावर नेलेलं प्लास्टिक परत आल्याशिवाय बोट सुटत नसे. आणि बेटावरचं काही, अगदी शिंपलासुद्धा, उचलायचं नव्हतं. बोटीतली माणसं माना वळवून बघू लागली.

धाकटीने थोरल्या जावेकडे पाहिलं. थोरली सकाळपासून सारखी वाळूत वाकत होती, आणि उठताना दरवेळी आधी धाकटीकडे बघत होती. आताही पर्स पोटाशी धरून धक्क्याखाली नजर लावून उभी होती. खाली पाणी इतकं नितळ, की तळाची प्रवाळं, त्यांतून वळणारे निळे-पिवळे मासे, खांबाला पाठ घासणारं कासव, सगळं लख्ख दिसत होतं. थोरली त्यातलं काहीच बघत नव्हती.

"ताई, चिंगीला पाणी तुम्हीच पाजलंत ना?"

"पाजलं. मग? झाकण गिळलं की काय मी?"

"तसं नाही हो. चुकून पर्समध्ये पडलं असेल. उघडून बघा ना."

"माझी पर्स?" थोरलीने पट्टा मुठीत पिळला. "एवढ्या लोकांसमोर झडती घेतेस माझी?"

बोटीत कुणीतरी खाकरलं.

"मला माहितीये झाकण कुठाय," चिंगी म्हणाली. "त्याने घातलंय."

आईचं बोट धरून ती किनाऱ्यावरच्या झुडपापाशी गेली. मागे रक्षक बाई, तिच्यामागे थोरली. पाचोळ्यातून गुलाबी काहीतरी सरसरत निघालं. झाकण चालत होतं. त्याखाली खेकड्याचे पाय होते.

"त्याचं घर फुटलं होतं," चिंगी म्हणाली. "मी माझं दिलं."

धाकटीने झाकणाला हात घातला. रक्षक बाईने तो वरच्यावर धरला.

"ओढू नका, तुटेल तो. शंखात राहणारा खेकडा हा, मागचं अंग मऊ असतं त्याचं. रिकामा शंख दिसला तर आपणहून निघेल." तिने आजूबाजूची वाळू हाताने चाळली. "पण त्याच्या मापाचा राहिलाय कुठे? लोक पिशव्यांतून नेतात."

बोटीचा भोंगा वाजला.

थोरलीने पर्सची चेन उघडली. धाकटीकडे न बघता रुमालाची गाठ सोडली, आणि तपकिरी ठिपक्यांचा एक शंख खेकड्यापुढे ठेवला.

चौघी उकिडव्या बसल्या. खेकड्याने डोळे बाहेर काढले. शंखाभोवती एक चक्कर मारली. नांगी आत घालून चाचपलं. झाकणातून अर्धा बाहेर आला, थबकला, पुन्हा आत गेला. परत चक्कर. परत नांगी.

"घे बाबा, नीट खात्री करून घे," थोरली म्हणाली. "आपल्याच घरचा दिसतोस."