उलटं झाकण

"मिस्त्री, नुसतं ऑइल सील बदला. उद्या कांदा भरायचाय," विरुपाक्षअण्णा म्हणाले.

दोन महिन्यांत त्यांच्या ट्रकचं सील मी दोनदा बदललं होतं, तरी इंजिनखाली तेल ठिबकतच होतं. बावीस वर्षं अण्णांनी ही एकच गाडी चालवली. दुसरं काही त्यांना येत नाही.

चालू इंजिनवर ऑइल भरायच्या तोंडाचं झाकण काढून मी तिथंच उलटं ठेवलं. ते गप बसलं तर दोष सीलचा. नाचलं तर आत पिस्टनच्या रिंगा झिजल्यात, आतला दाबच तेलाला बाहेर ढकलतोय.

झाकण थडथडलं आणि उडून माझ्या पायाशी पडलं. तोंडातून भकाभका धूर आला.

"अण्णा, इंजिन संपलं."

"नीट ठेवलं नव्हतं तुम्ही." त्यांनी झाकण उचललं, सदऱ्याला पुसलं, परत उलटं ठेवलं आणि वर तळहात दाबून धरला. धूर बोटांमधून येत राहिला.

हात भाजेल म्हणून मी केबिनमध्ये चढून इंजिन बंद केलं. अण्णांनी हळूच हात उचलला. झाकण जागच्या जागी होतं.

"बघा," ते म्हणाले, "हललं का?"