चंद्रावरची बूट डिस्क

कल्पना करा बाळांनो, प्रत्येक नव्या यंत्राला सुरू होण्यासाठी उपग्रहाची परवानगी लागते, आणि तो उपग्रहच मुका झालाय. चंद्रावरच्या वस्तीत हवेचे पंखे आता कुणाचीच परवानगी न मागणाऱ्या एका जुनाट घरगुती संगणकाच्या जिवावर फिरत होते.

"याला सुरू करणारी बूट डिस्क खराब झाली गं! वीज गेली तर हा पुन्हा उठायचा नाही," शोभनामावशी इरावतीला म्हणाली. "नवी करायला तुझी फ्लॉपी दे."

"मावशी, मी रचलेला खेळ पुसला जाईल!"

"मग बस खेळत, श्वास न घेता!"

दिवे मिणमिणले. खेळ फ्लॉपीच्या एकाच बाजूला होता. दुसरी बाजू कोरी होती, पण कडेला खाच असल्याशिवाय संगणक तिथे लिहीत नसे.

इरावतीने कात्रीने दुसऱ्या कडेला खाच कापली आणि कोऱ्या बाजूवर नवी बूट डिस्क लिहायला फ्लॉपी उलटी करून आत सरकवली.